रविवारी पिचिंग कोण करणार? : ओल मिस बेसबॉलच्या एका हंगामाचं प्रकरण

२०२२ सालची १ मे. तिकडे रविवार कलत होता, आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडायची होती. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी, ओल मिस विद्यापीठात शिकायला गेलेल्या माझ्या मावसभावाचा मेसेज आला : "दादा, संपलं यांचं. कोचला नारळ द्या आता." त्या वीकेंडला ओल मिसच्या बेसबॉल संघाचे अर्कान्सास विद्यापीठासमोर तीनपैकी दोन सामने गेले होते. कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ठरावीक विद्यापीठांच्या आपसातल्या साखळीत, सात विजय, चौदा पराभव. मार्चमध्ये काही क्रमवाऱ्यांत देशात पहिला म्हणून मिरवणारा संघ सहा आठवड्यांत तळाशी जाऊन बसला होता.

बरोबर आठ आठवड्यांनी, २६ जूनला, याच संघाने याच कोचच्या हाताखाली ओमाहात, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा होतो त्या गावी, विजेतेपद जिंकलं. ही गोष्ट बहुतेक वेळा सांगितली जाते ती चाहत्यांची जिरवायला. बघा, मेमध्ये केवढा आरडाओरडा करत होतात! पण या नाटकाला तिसरा अंकही आहे आणि तो सांगायला कुणाला फारसं आवडत नाही. विजेतेपदाच्या पुढच्याच वर्षी ओल मिसने कॉन्फरन्समधले तीस सामने खेळून फक्त सहा जिंकले. तिन्ही अंक शेजारी मांडले की मावसभावासारख्या वैतागलेल्या चाहत्याचं कुठे बरोबर होतं आणि तो कुठे घसरला, ते नीट दिसतं.

गाव, खेळ आणि शेजारी

ओल मिस म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी. या राज्यात बेसबॉलचा, फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे लोकांचा सगळा जीव कॉलेजच्या संघांत. कॉलेज बेसबॉलला देशात सर्वाधिक गर्दी जिथे होते, त्या मोजक्या मैदानांत ऑक्सफर्डचं स्वेझी फील्ड धरतात. उजव्या बाजूच्या कुंपणामागे विद्यार्थी उभे असतात. आपल्या संघाचा होम रन (आपल्या सिक्सरसारखा कुंपणापलीकडचा फटका) गेला की हातातले बिअरचे प्याले थेट आभाळात. दोन सेकंद सगळा कोपरा फेसाळतो, मग ओली टाळकी एकमेकांकडे बघून हसत बसतात. संघ सात रन मागे असला तरी प्याले उडतातच. मावसभाऊ म्हणायचा, हरताना बिअर जास्त महाग पडते.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला या खेळातली एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. कॉलेजमध्ये कॉन्फरन्सचे सामने शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन दिवस त्याच प्रतिस्पर्ध्याशी होतात. आपला बोलर आज दहा षटकं टाकून परवा पुन्हा टाकू शकतो. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकदा नव्वद-शंभर चेंडू टाकून उतरला की आठवडाभर त्याचा खांदा आणि कोपर यांना हात लावायचा नसतो. म्हणजे संघाला एक चांगला पिचर असून भागत नाही, तीन लागतात. शुक्रवारचा सगळ्यात तगडा, शनिवारचा त्याच्या खालोखाल आणि रविवारचा म्हणजे जो असेल तो. खेरीज मागे बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यात, नऊपैकी दोन-तीन इनिंग सांभाळणारे गडी. दहा वीकेंड, तीस सामने. एसईसी, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, ही देशातली सगळ्यात कडक कॉन्फरन्स मानतात. तिथे रविवारचा पिचर नसला की तो दर आठवड्याला चव्हाट्यावर येतो.

बरं, पिचर आणायचे कुठून? तेव्हाच्या नियमाने एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्या मिळायच्या, आणि त्या बऱ्याच खेळाडूंत तुकडे करून वाटायच्या. बहुतेक पोरं अर्धी फी खिशातून भरून खेळायची. त्यातला जो चमकला तो तिसऱ्या वर्षानंतर ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ फेऱ्या-फेऱ्यांनी खेळाडू निवडतात त्यात) व्यावसायिक संघाकडे जाणार, हे ठरलेलंच. कोचला दरवर्षी मडकं नव्याने भरावं लागतं आणि तळाला भोक कायमचंच.

माइक बियांको २००१च्या हंगामापासून ओल मिसचे कोच. स्वतः एलएसयूचे, म्हणजे शेजारच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे, जुने कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखे). त्यांच्याआधी राष्ट्रीय स्पर्धेत नियमित न दिसणारा हा संघ त्यांनी बहुतेक वर्षी बोलावणं येणारा करून दाखवला. हे श्रेय त्यांचे कट्टर विरोधकही नाकारत नाहीत. चाहत्यांचं दुखणं पुढच्या पायरीचं होतं. ओमाहाला जाण्याआधी सुपर रिजनल नावाची तीन सामन्यांची फेरी असते. २०२१पर्यंत बियांकोंचा संघ तिथे सात वेळा पोचला आणि सहा वेळा हरला. २००५, २००६ आणि २००९ या तीन वेळा तर घरच्या मैदानावर. एकदाच, २०१४ साली, ओमाहा दिसलं. २०२०मध्ये १६-१ अशी झकास सुरुवात झाली होती, तर कोविडने हंगामच गुंडाळला. २०२१मध्ये अ‍ॅरिझोनाने सुपर रिजनलमध्ये हरवलं. त्याच उन्हाळ्यात एलएसयूला नवा कोच हवा होता आणि बियांकोंचं नाव चर्चेत होतं. एलएसयूने निवडला तो अ‍ॅरिझोनाचा कोच. म्हणजे ज्याने ओल मिसला बाहेर काढलं, तोच माणूस पुढे शेजारच्या राज्यात कायमचा प्रतिस्पर्धी होऊन बसला.

या सगळ्यावर मीठ चोळायला स्टार्कव्हिल होतं. दीड-दोन तासांवरचं मिसिसिपी स्टेट विद्यापीठ. जून २०२१मध्ये त्यांनी बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. त्या विद्यापीठाच्या इतिहासातलं कुठल्याही सांघिक खेळातलं पहिलंच. सख्ख्या चुलत्याच्या दारात नवी गाडी आली की आपली जुनी अचानक जास्त धूर सोडायला लागते. २०२२ची फेब्रुवारी उजाडली ती या मनःस्थितीत.

मार्च ते मे

कागदावर बॅटिंग देखणी होती. कॅप्टन टिम एल्कोने आदल्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना परत येऊन होम रन मारले होते, शस्त्रक्रिया हंगाम संपल्यावर. तो पाचव्या वर्षासाठी थांबला होता. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी) जेकब गॉन्झालेस. केविन ग्रॅहम, जस्टिन बेंच, केम्प अल्डरमन, कॅल्विन हॅरिस. पिचिंगच्या बाजूला मात्र भगदाड होतं. गनर होग्लंड आणि डग निकहेझी, आदल्या वर्षीचे दोन आघाडीचे पिचर, दोघेही ड्राफ्टमध्ये गेलेले. एक पहिल्या फेरीत, दुसरा दुसऱ्या फेरीत.

दुबळ्या संघांसमोर हे झाकलं गेलं. ऑबर्नला हरवल्यावर क्रमवारीत पहिला नंबरही आला. मग मार्चच्या शेवटच्या वीकेंडला टेनेसी ऑक्सफर्डला आलं आणि तिन्ही सामने उचलून गेलं. घरच्या मैदानावर, भरलेल्या गर्दीसमोर. टेनेसीचा तो संघ भयंकर होता (पुढे ५७-९ पर्यंत गेला), तेव्हा त्यांच्याकडून हरण्यात लाज नव्हती. पण ते हरणं ज्या तऱ्हेचं होतं त्याने चाहत्यांच्या मनात पाल चुकचुकली. पिचर बदलला की नवा पिचर आधी दोन माणसांना फुकट पहिल्या बेसवर पाठवणार, आणि तिसऱ्याचा चेंडू कुंपणापलीकडे. त्यानंतर एकामागून एक मालिका निसटत गेल्या. अलाबामाने घरी येऊन हरवलं, साउथ कॅरोलायनाने त्यांच्या गावात. एप्रिलमध्ये मिसिसिपी स्टेटने ऑक्सफर्डला येऊन तीनपैकी दोन नेले, आणि तेही स्वतः डबघाईला आलेल्या स्टेटने. ते वर्ष गतविजेते ९-२१ वर संपवणार होते. अशा संघाकडून घरात हरायचं म्हणजे काय, ते त्या राज्यात राहिल्याशिवाय कळत नाही.

गंमत अशी, की टेनेसीने ज्या वीकेंडला धुतलं त्याच वीकेंडला आपली आयपीएल सुरू झाली आणि मुंबई इंडियन्स दिल्लीकडून पहिला सामना हरले. मग सलग आठ हरले. ते महिने मी दुहेरी सुतकात काढले. संध्याकाळी मुंबई, आणि तिकडचे साडेसहा म्हणजे आपले पहाटेचे पाच, म्हणून चहा टाकून ओल मिस. मुंबईचा पहिला विजय ३० एप्रिलला आला. मावसभावाचा तो मेसेज दुसऱ्याच दिवशीचा.

आता त्याचं गाऱ्हाणं नीट ऐकू. नारळ द्या हा मथळा झाला, आत तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. पहिली जुनी : वीस वर्षं झाली, सुपर रिजनलच्या पुढे जात नाहीत. दुसरी त्या हंगामाची : ७-१४. तिसरी त्याने दर रविवारी फोनवर म्हणून दाखवली होती, आणि माझ्या लेखी तीच खरी : "शुक्रवारी कसंबसं निभावतं. पण रविवारी पिचिंग कोण करणार, हे यांनाच शनिवारी रात्रीपर्यंत माहीत नसतं."

पहिली तक्रार इतिहासाची आहे, तिच्यावर २०२२च्या पोरांचं काही चालत नव्हतं. दुसरी आकड्यांची, आणि इथे चाहता थोडा फसतो. बेसबॉलमध्ये नशिबाचा वाटा फार मोठा. व्यावसायिक लीगमधले उत्तम संघसुद्धा दहातले सहा जिंकतात, वाईट संघ चार. दोन्ही बाजू अगदी तोडीस तोड आहेत असं धरून नाणं एकवीस वेळा उडवा. सात किंवा त्याहून कमी वेळा छापा येण्याची शक्यता साडेनऊ टक्के, म्हणजे दहा-अकरा वेळांत एकदा. तेव्हाच्या चौदा संघांच्या कॉन्फरन्समध्ये दरवर्षी एखाद्या बऱ्या संघाच्या वाट्याला असा पट्टा येणारच. मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "दादा, नाणं निदान बॉल तरी सरळ टाकतं." ते असो. ७-१४ या आकड्यावरून कोचला घालवायचं म्हणजे पावसाळ्यात पंधरा दिवस कोरडे गेले म्हणून विहिरीला शिव्या घालण्यासारखं.

तिसरी तक्रार मात्र आकड्यांच्या आधीची होती, डोळ्यांनी बघितलेली. आणि तिच्यावर इलाज झाला, म्हणूनच जून घडला.

दोन माणसं

डिलन डिलूशिया फ्लोरिडातल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून बदली होऊन आलेला. हंटर एलियट म्हणजे जवळच्याच टुपेलो गावचा डावखुरा, पहिल्या वर्षाचा पोरगा. दोघांनीही हंगाम बुलपेनमधून सुरू केला. सुरुवातीचे सामने कोचनी अनुभवी हातांकडे दिले. ते हात चालेनात तेव्हा हंगामाच्या मध्यात या दोघांना वीकेंडला सुरुवातीपासून टाकायला लावलं. मे उजाडेपर्यंत शुक्रवार आणि शनिवार या दोन दिवसांचा प्रश्न मिटला होता. निकालात ते लगेच दिसलं नाही इतकंच. रविवार तेव्हाही रामभरोसेच होता. पण तीनपैकी दोन दिवस भक्कम असले की तिसरा बुलपेनच्या जिवावर ढकलता येतो, कारण पहिले दोन दिवस बुलपेनला फारसं उठावंच लागत नाही.

मिसुरीविरुद्ध तिन्ही जिंकले. पुढच्या वीकेंडला बॅटन रूजला जाऊन एलएसयूविरुद्ध तिन्ही. मग टेक्सस ए अँड एमकडून घरी दोन हरले आणि आकडा थांबला १४-१६ वर. हूव्हरला कॉन्फरन्सच्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी व्हँडरबिल्टने ३-१ असं परत पाठवलं. एकूण ३२-२२. निवड समितीने राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६४ संघांची यादी काढली तेव्हा ओल मिस शेवटच्या जागेवर कसाबसा चढला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट दारातच राहिलं आणि त्यांची बाजू काही कमी सबळ नव्हती. म्हणजे जो करंडक पुढे मिळाला तो मुळात एका बैठकीतल्या हो-नाहीवर लटकलेला होता. त्या दिवशी बैठकीत एखादं मत दुसरीकडे गेलं असतं तर बियांकोंचं काय झालं असतं? माझा अंदाज आहे की नारळ मिळाला असता, आणि कुणी अश्रू ढाळले नसते.

जूनचे सामने मी थोडक्यात सांगतो, ते सगळीकडे सापडतात. पहिल्या फेरीत कोरल गेबल्सला अ‍ॅरिझोना ७-४, यजमान मायामी २-१, पुन्हा अ‍ॅरिझोना २२-६, त्यात एल्कोचे तीन होम रन. सुपर रिजनल हॅटिसबर्गला, म्हणजे मिसिसिपीतच, सदर्न मिस विद्यापीठाच्या अंगणात : १०-० आणि ५-०. दोन दिवस, अठरा इनिंग, समोरच्याला एक रन नाही. डिलूशिया आणि एलियट. ओमाहात ऑबर्न ५-१, अर्कान्सास १३-५, मग अर्कान्सासकडून २-३ असा एकच पराभव. त्यानंतरच्या निर्णायक सामन्यात डिलूशियाने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या. चार हिट, शून्य रन, २-०. बुलपेनमध्ये कुणालाही उठावं लागलं नाही. मार्चमध्ये ज्या चाहत्याने पाचव्या इनिंगलाच चौथा पिचर येताना बघितला होता, त्याला या सामन्याची किंमत कळेल.

अंतिम फेरीत ओक्लाहोमा. पहिला सामना १०-३. दुसऱ्यात ओक्लाहोमाच्या केड हॉर्टनने तेरा बॅटर स्ट्राइकआउट केले (पिचिंगवरच बाद केले) आणि आठव्या इनिंगला ओल मिस १-२ मागे होता. आपल्याकडे पहाट झाली होती. गॉन्झालेसच्या हिटने बरोबरी झाली. मग पिचर बदललेला, कॅचरच्या आवाक्याबाहेर गेलेला एक चेंडू, तिसऱ्या बेसवरचा माणूस धावत घरी. थोड्या वेळाने तस्संच आणखी एकदा. राष्ट्रीय विजेतेपद ठरवणारे रन बॅटने आलेच नाहीत, समोरच्या बुलपेनच्या हातून सांडले. ऑक्सफर्डच्या लोकांनी सगळा एप्रिल जे भोगलं होतं, ते या वेळी दुसऱ्याच्या पदरात पडताना बघितलं. नवव्यात ब्रँडन जॉन्सनने तिघांना स्ट्राइकआउट केलं आणि ४-२. डिलूशिया स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू.

मावसभावाचा फोन आला तेव्हा त्याला शब्द फुटत नव्हता. मागे हॉर्न, कुणीतरी भांडं बडवतंय. मी विचारलं, "कोचला नारळ?" तर म्हणाला, "दादा, ओवाळायला घेतलाय."

११ सामन्यांत १०-१. पुन्हा नाणं घ्या : अकरा वेळांत निदान दहा छापा येण्याची शक्यता २०४८ पैकी १२, म्हणजे साधारण १७० मध्ये एकदा. एप्रिलचा पट्टा निव्वळ नशिबाने येऊ शकतो. जूनचा नुसत्या नशिबावर येणं अवघड. दोन पिचर बदलल्यावर हा संघ खरोखरच वेगळा झाला होता, तोडीस तोडच्या वर गेला होता. त्याच वर्षी ५७-९ वाल्या टेनेसीला नोत्र दामने त्यांच्याच मैदानावर हरवून घरी बसवलं, तेव्हा नशीब नव्हतं असंही म्हणता येत नाही. पण तक्रार आणि इलाज यांची जागा एकच होती. चाहता जिथे बोट ठेवत होता तिथेच औषध लागलं. यात चाहता खोटा पडला कुठे?

कोचच्या बाजूने एवढं मान्य करायला हवं : मार्चमध्ये पहिल्या वर्षाच्या पोराला शनिवार देणं सोपं नसतं. अनुभवी गडी बाजूला बसवून त्याला टाकलं आणि तो टेनेसीसमोर फुटला, तर तो पोरगाही गेला आणि हंगामही. बुलपेनमध्ये त्याला आधी भट्टी दाखवली हे शहाणपणाचं असेल. मला फक्त एवढंच वाटतं की ही भट्टी चार-पाच हरलेल्या मालिकांच्या किमतीत पडली. निवड समितीने एक नाव उलट लिहिलं असतं तर याच शहाणपणाला आज आपण उशीर म्हणालो असतो.

तोंडाला कुलूप

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा काळ एप्रिल नाही आणि जूनही नाही. तो आहे जुलै २०२२पासून पुढचे सात महिने, जेव्हा एकही सामना नव्हता.

डिलूशिया सहाव्या फेरीत क्लीव्हलंडकडे गेला. एल्को दहाव्या फेरीत शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडे. जॉन्सनही गेला. मडक्याचं भोक आपलं काम करत होतं. बियांकोंना नवा करार मिळाला. मिसिसिपीत सरकारी नोकराचा करार कायद्याने चार वर्षांहून लांब करता येत नाही, नाहीतर त्या उन्हाळ्यात दहा वर्षांचाही दिला असता. आणि गावात एक अलिखित नियम आला : तक्रार करायची नाही. ज्याने मेमध्ये नारळ मागितला होता तो आता तोंड उघडायला गेला की बाकीचे म्हणायचे, गप रे, तू तोच ना? मावसभावाने ऑक्टोबरमध्ये एकदा हळूच विचारलं होतं, "एलियटनंतर कोण?" आणि मग स्वतःच म्हणाला, "जाऊ दे, नाहीतर लोक हसतील."

प्रश्न तोच होता. फक्त आता तो विचारायला लाज वाटत होती.

२०२३च्या हंगामाच्या सुरुवातीलाच एलियटचं कोपर दुखावलं. पुढे शस्त्रक्रिया, २०२४चा हंगामही पाण्यात. त्याच्यामागे कोण, याचं उत्तर कुणाकडेच तयार नव्हतं. बॅटिंगला दोष देता येणार नाही : गॉन्झालेस त्या वर्षी ड्राफ्टमध्ये पंधरावा निवडला गेला, अल्डरमन दुसऱ्या फेरीत गेला. असे बॅटर असूनही कॉन्फरन्समध्ये ६-२४, एकूण २५-२९. तेव्हा कॉन्फरन्सच्या स्पर्धेसाठी चौदांपैकी बारा संघ हूव्हरला जायचे. गतविजेता घरी बसला, आणि सोबतीला पुन्हा एकदा मिसिसिपी स्टेट. दोन वर्षांत दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणणारे दोन शेजारी, दोघेही तळाला.

इथे नाण्याचा आधार उरत नाही. तीस वेळा उडवून सहा किंवा त्याहून कमी छापा येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. समोरचे संघ जास्त तगडे होते असं धरून थोडी सूट दिली तरी एवढी घसरण दैवाच्या माथी मारता येणार नाही. एलियटची दुखापत हे दुर्दैव खरं. पण एका पोराच्या कोपरावर तीस सामने उभे करणं हे दुर्दैव नाही, ते नियोजन आहे. खेळाडू एका कॉलेजातून दुसरीकडे सहज बदली घेऊ शकतील असा मार्ग तोवर मोकळा झाला होता. डिलूशिया स्वतः बाहेरूनच आला होता. विजेत्या संघाच्या दारात अशा पोरांची रांग लागायला हवी होती.

मी त्या विद्यापीठाचा क्रीडा संचालक असतो तर मे २०२२मध्ये बियांकोंना काढलं नसतं. हंगाम चालू असताना माणूस काढून पिचर मिळत नाहीत. पण जुलैमध्ये, करंडक टेबलावर ठेवून, करारावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारला असता : पुढच्या वर्षी तीन दिवसांची तीन नावं सांगा, आणि प्रत्येकाच्या मागे अजून एक. बहुधा तेव्हा हा प्रश्न विचारणं अपशकुन वाटलं असणार. गळ्यात हार घातलेल्या माणसाला हिशेब विचारायची पद्धत आपल्याकडेही नाहीच.

मावसभावावर माझा आक्षेप आहे तो वेगळाच. त्याची खरी तक्रार फार नेमकी होती, पण ती त्याने नेहमी कोचच्या नावाच्या पाकिटात घालून पाठवली. पाकीट बघूनच लोक बाजू घेतात. एक गट म्हणतो काढा, दुसरा म्हणतो वीस वर्षांची सेवा बघा, आणि आतली चिठ्ठी कुणी वाचतच नाही. करंडक आला तसं पाकिटासकट चिठ्ठीही टोपलीत गेली.

विद्यापीठाने २०२३नंतरही बियांकोंना ठेवलं. २०२४मध्ये ११-१९, एकूण २७-२९. सलग दुसरा हंगाम निम्म्याच्या खाली. तोपर्यंत मावसभाऊ शिक्षण संपवून डॅलसला नोकरीला लागला होता. तिथून तो शनिवारचे सामने लावायचा, रविवारचे टाळायचा.

२०२५मध्ये एलियट परत आला. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत मजल, एकूण ४३-२१, आणि राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी घरच्या मैदानावर, ऑक्सफर्डला. गटात केंटकीतलं मरी स्टेट नावाचं एक छोटं विद्यापीठ होतं, ज्याचं नाव बहुतेकांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं. शुक्रवारी त्यांनी ओल मिसला हरवलं. रविवारी ओल मिसने १९ रन काढून परतफेड केली. मावसभावाने डॅलसहून उड्या मारणारा व्हिडिओ पाठवला. सोमवारी निर्णायक सामना. ओल मिसने पुन्हा ११ रन काढले, प्याले पुन्हा उडाले, आणि मरी स्टेटने १२ काढले.

या वेळी मेसेजमध्ये कोचचं नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं : "अकरा रन, दादा. अकरा. अजून किती काढायचे?"